इंटरनेटच्या वाटेवरचा नाकेदार

शाहूपुरीच्या बाजारपेठेंत गुळाच्या गाड्या येतात, त्या वाटेवर एक नाका आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. नाकेदार वजन पाहून पट्टी घेतो, तोंवर कोणाची तक्रार नाहीं. परंतु गूळ कोणत्या अडत्याचा हें विचारून तो एकाची गाडी फुकट सोडूं लागला आणि दुसऱ्याची अडवूं लागला, तर सारा बाजार नाकेदाराच्या मुठींत जातो. इंटरनेटवरील समान वागणुकीचा, म्हणजे 'नेट न्यूट्रॅलिटी'चा, वाद नेमका हाच आहे.

कोल्हापूरकरांना नाका नवा नाहीं. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं येथें टोलविरुद्ध जो दीर्घ लढा झाला, तो 2015 च्या अखेरीस फळास आला. मात्र तेथें पट्टी द्यावी कीं नाहीं हाच वाद होता. इंटरनेटच्या बाबतींत पट्टी सर्वांना मान्य आहे.

त्याच वर्षीं फेब्रुवारींत फेसबुक व रिलायन्स कम्युनिकेशन्स यांनीं महाराष्ट्रासह सहा राज्यांत एक योजना काढली. तींत निवडक संकेतस्थळें फुकट पाहावयास मिळत. पुढें तिला 'फ्री बेसिक्स' हें नांव मिळालें. ज्या घरांत डेटाला पैसे नाहींत, तेथें हें दान नाकारा असें सांगणें सोपें नव्हतें. विरोधकांपैकीं कित्येकांनीं ही अडचण फार हलकी मानली, हें कबूल केलें पाहिजे. तथापि यादींत शिरण्याच्या अटी फेसबुकच्या. कोल्हापुरी चपलांच्या एखाद्या दुकानदारानें आपलें संकेतस्थळ काढलें आणि तें त्या यादींत नसलें, तर गिऱ्हाइकाला तेथवर यावयास पैसे पडत. गरिबाच्या दारापर्यंत वाट आली, पण ती कोठें जावी हें त्यानें ठरवावयाचें नाहीं, असा तो प्रकार.

अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजीं 'ट्राय' या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें नियम केला: मजकूर पाहून डेटाचा वेगळा दर लावतां येणार नाहीं. मोडल्यास दिवसाला 50 हजार, जास्तींत जास्त 50 लाख रुपये दंड. सवलत फक्त आपत्कालीन सेवांना. वेगाचा प्रश्न 2018 मध्यें सुटला. अडवणूक करणें, गति मंदावणें वा कोणास अग्रक्रम देणें, हें परवान्याच्या अटींनींच निषिद्ध झालें.

गरिबाला डेटा मात्र या नियमानें मिळाला नाहीं. सप्टेंबर 2016 मध्यें जिओ सुरू झाल्यावर स्पर्धेनें भाव कोसळले, तेव्हां तो मिळाला.

अलीकडे मोबाइल कंपन्या निराळी मागणी करीत आल्या आहेत. यूट्यूबसारख्या बड्या सेवांनीं वाटेच्या खर्चाचा वाटा उचलावा, असें त्यांचें म्हणणें. बड्यांकडून घ्यावें, यांत वरकरणी गैर कांहीं दिसत नाहीं. पण तो वाटा आकारावयाचा, तर नाकेदाराला पुन्हां गाडींत वाकून माल कोणाचा हें पाहावें लागेल.