व्यवस्थापकाची खुर्ची आणि वंचितांचा वाटा



एच. नेलर फिट्झह्यू हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९३३ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची व्यवसाय-व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले. त्या देशात ह्या पदवीला किती मान आहे हे सांगण्याची गरज नाही. परंतु एकाही गोऱ्या कंपनीने त्यांना व्यवस्थापकाची जागा देऊ केली नाही. ते वॉशिंग्टनला परतले, विक्रीची किरकोळ कामे केली आणि पुढे सुमारे तीन दशके हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना व्यापारशास्त्र शिकवले. १९६५ साली पेप्सी-कोला कंपनीने त्यांना बोलावून घेतले, तेही ‘खास बाजारपेठे’च्या कामासाठी, म्हणजे कृष्णवर्णीय ग्राहकांत कंपनीचा माल खपवण्यासाठी.

१९५७ साली गॅरी बेकर ह्या अर्थशास्त्रज्ञाने भेदभावाच्या अर्थशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा की, जो मालक पूर्वग्रहापायी गुणी माणूस नाकारतो तो स्वतःचेच नुकसान करून घेतो, आणि खुली स्पर्धा असेल तर असा मालक कालांतराने मागे पडतो. तर्क सुबक आहे. फक्त फिट्झह्यूंच्या बाबतीत बाजाराला ३२ वर्षे पुरली नाहीत. दार किलकिले झाले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर बंधन घालणाऱ्या १९६५ च्या अध्यक्षीय आदेशाने, आणि वॉट्स, नेवार्क, डेट्रॉइट येथे पेटलेल्या वस्त्यांनी. भांडवलदारांना समतेचा साक्षात्कार झाला होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांना वारा कोणीकडून वाहतो आहे हे कळले होते.

ह्याच वाऱ्यात १९६६ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक स्टर्लिंग शोएन ह्यांनी इंडियाना आणि विस्कॉन्सिन ह्या आणखी दोन विद्यापीठांना सोबत घेऊन एक संयुक्त योजना उभी केली. कृष्णवर्णीय पदवीधरांना शिष्यवृत्ती देऊन व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण द्यावयाचे आणि कंपन्यांच्या वरच्या जागांसाठी त्यांना तयार करावयाचे, असा तिचा हेतू. १९६७ साली पहिली तुकडी दाखल झाली. तीत २१ जण होते आणि सगळे पुरुष होते. पुढे स्त्रिया आल्या, स्पॅनिशभाषक आणि आदिवासी इंडियन आले, विद्यापीठांची संख्या वाढली. आज ह्या योजनेतून गेलेल्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे.

ह्या योजनेतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट शिष्यवृत्ती नव्हे. वर्ग सुरू होण्याआधीच नव्या विद्यार्थ्यांना एकत्र बोलावून कंपन्यांच्या प्रतिनिधींशी त्यांची गाठ घालून देण्याची पद्धत तीत रूढ झाली. जमाखर्च आणि विक्रीशास्त्र ग्रंथालयात बसूनही शिकता येते. जे शिकता येत नाही ते म्हणजे काकाची ओळख, वडिलांचा क्लब, शाळेतला मित्र. उच्चवर्गीय मुलाला हे भांडवल जन्मतः मिळते आणि त्यालाच पुढे ‘गुणवत्ता’ असे नाव पडते. शोएन ह्यांच्या योजनेने हे भांडवल, अल्प प्रमाणात का होईना, सार्वजनिक केले.

आता दुसरी बाजू. १९६७ साली लिलियन लिंकन ही तरुणी हार्वर्डच्या त्याच विद्यालयात दाखल झाली. आधी तिने न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या घरी मोलकरणीचे काम केले होते. हॉवर्ड विद्यापीठात तिला हार्वर्डचा रस्ता दाखवणारे गुरू म्हणजे फिट्झह्यूच. सुमारे ८०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय होते सहा. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली. त्याच वर्षी लिलियन आणि तिच्या चार सोबत्यांनी संघटना स्थापन केली, विद्यालयाकडे अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची मागणी केली, आणि पुढच्याच प्रवेशाच्या वेळी ही संख्या कित्येक पटींनी वाढली.

किंग त्या वेळी मेम्फिस शहरात कशासाठी गेले होते? संपावर असलेल्या सफाई कामगारांना पाठिंबा देण्यासाठी. सफाई कामगारांच्या लढ्यात सांडलेल्या रक्तामुळे व्यवस्थापकांच्या शाळेचे दार उघडले. लिलियनबाईंनी १९७६ मध्ये स्वतःचा उद्योग काढला, तो इमारतींच्या साफसफाईचाच. तो वाढला आणि हजाराहून अधिक माणसे त्यात काम करू लागली. त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. मोलकरणीचे काम केलेली स्त्री एवढी मजल मारते ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मालकीण कृष्णवर्णीय झाल्याने झाडू मारणाऱ्याचा वेतनदर आपोआप बदलत नाही, हेही समाजवाद्याने विसरता कामा नये.

वर चढलेल्यांचे तरी काय झाले? शॅरन कॉलिन्स ह्या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने शिकागोतील सत्तरांहून अधिक कृष्णवर्णीय वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. ह्यांतील बहुसंख्यांना कधी ना कधी समान संधी विभाग, वस्तीसंपर्क, कृष्णवर्णीय ग्राहक अशी ‘आपल्या लोकांची’ कामे देण्यात आली होती. पगार चांगला, पाटी मोठी; पण उत्पादन आणि वित्त ह्या ज्या वाटेने माणूस सर्वोच्च पदावर पोहोचतो ती वाट बाजूलाच राहिली. शिवाय सरकारी दडपण सैल झाले की पहिली गदा ह्याच विभागांवर. फिट्झह्यूंची ‘खास बाजारपेठ’ तीस वर्षांनीही संपली नव्हती.

आणि दडपण सैल होतेच. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी १९६५ चा तो कंत्राटदारांविषयीचा आदेश रद्द केला. साठ वर्षांची तटबंदी एका सहीने गेली.

आपल्याकडे १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था निघाली ती हार्वर्डच्याच सहकार्याने, कलकत्त्याची निघाली ती एम.आय.टी.च्या. ह्या केंद्रीय संस्थांत आज अनुसूचित जाती-जमातींना आणि २००६ च्या कायद्यान्वये इतर मागास वर्गांना राखीव जागा आहेत. म्हणजे वर्गाचे दार घटनेने उघडले आहे. परंतु वर्ग संपल्यावर विद्यार्थी जेथे जातो त्या खाजगी कंपनीच्या दाराशी घटनेतील आरक्षण थांबते. भारतातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्च जातींतील आढळले. तेथे काका, क्लब आणि मित्र ह्यांच्या जागी जात एकटीच तिन्ही कामे करते.

दलित पँथरने १९७२ साली मुंबईत अमेरिकेतील ब्लॅक पँथरांपासून नाव आणि स्फूर्ती घेतली. त्याच देशाकडून आणखी एक नीरस, पण उपयोगी गोष्ट घेण्यासारखी आहे. १९६६ पासून तेथे शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी मालकाला दरवर्षी सरकारकडे एक तक्ता भरून द्यावा लागत आला आहे. कोणत्या श्रेणीत कोणत्या वंशाचे किती स्त्री-पुरुष, हे त्यात लिहावयाचे. एकत्रित आकडे प्रसिद्ध होतात आणि त्यावर खटले, चर्चा, आंदोलने उभी राहतात. भारतात खाजगी कंपनीवर जातिनिहाय असा तक्ता भरण्याची सक्ती नाही. पुणे, चाकण, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आपल्या कामगार संघटनांनी पुढील करार करताना वेतनवाढीच्या मागणीखाली ही एक ओळ जोडावी: व्यवस्थापक, पर्यवेक्षक, कायम कामगार आणि कंत्राटी सफाई कामगार ह्या चारही थरांत कोणत्या सामाजिक प्रवर्गाचे किती जण आहेत, ते कंपनीने दरवर्षी फलकावर लावावे. चौथ्या थराचा आकडा बहुतेकांना न मोजताही ठाऊक आहे. लावावयाचा आहे तो पहिल्या थराचा.