कोंबडी अंडे का देत नाही?



आज आपण घरच्या कोंबडीविषयी बोलू. विषय लहान वाटेल, पण तो लहान नाही. अंड्यांचे पैसे घरात कुणाच्या हाती असतात? बाईच्या. त्या पैशांतून मीठ-मिरची येते, मुलीची वही येते, म्हाताऱ्याची गोळी येते. कोंबडी अंडी द्यायची थांबली, की घरात पहिला विचार सुरीचा होतो. आमचे सांगणे एवढेच आहे. सुरी हातात घेण्याआधी कोंबडी हातात घ्या. ती का थांबली ते पाहा.

आधी आमची चूक सांगतो. छत्तीस वर्षे आम्ही शाळेत मुलांना शिकवले. पण हा धडा आम्हांला एका कोंबडीने शिकवला.

आमच्या घरी एक काळी तलंग होती. पहिल्या अंड्याच्या वेळी ती सकाळपासून डालग्यात बसून होती. उठे, जोर करी, पुन्हा बसे. आम्ही पाहिले, तर अंड्याचे टोक दिसत होते. आम्ही म्हटले, यात काय मोठेसे! अंडे तिथेच फोडले आणि बोटाने ओढून काढले. कवचाचे तुकडे आत राहिले. त्यांनी आतली कातडी कापली. जखम चिघळली. तिसऱ्या दिवशी तलंग मेली. पुढे पशुवैद्यकांना विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, अंडे आत फोडायचे नसते." ते वाक्य आम्ही विसरलो नाही.

पुढच्या वर्षी एका संध्याकाळी शेजारच्या आक्का आल्या. पदराखाली कोंबडी होती. आक्का म्हणाल्या, "गुरुजी, कालपासनं हिनं दाण्याला तोंड लावलं नाही. कुणी म्हणतंय नजर लागली. सासूबाई म्हणत्यात, मरायच्या आधी मान मोडा, रस्सा तरी हुईल. माझ्या तीनच कोंबड्या हैत. त्यात हीच अंडी देणारी."

कोंबडीची शेपटी खाली पडली होती. ती पाय फाकून चालत होती. सारखा जोर करीत होती. पोटाला खालून हात लावला, तर आत अंडे लागले. अंडे अडले होते. नजर नव्हती.

मग काय केले, ते नीट ऐका.

घमेल्यात कोमट पाणी घेतले. आपल्या कोपराला सोसेल एवढेच ते ऊन होते. कोंबडीचे पोट बुडेल असे तिला १५ ते २० मिनिटे धरून ठेवले. डोके पाण्याबाहेर ठेवले. उबेने आतले अंग सैल पडते. मग फडक्याने टिपून तिला कोरडी केली. ओली ठेवली तर थंडी बाधते. आक्कांनी नखे कापली, हात धुतले आणि अंड्याच्या वाटेला बोटाने हळूच खोबरेल तेल लावले. मग कोंबडीला उबदार, अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवले. जवळ पाणी ठेवले. पोरांना तिकडे जाऊ दिले नाही.

दोन तासांनी पुन्हा तेच केले. पोट दाबले नाही. अंडे ओढले नाही. फोडले तर मुळीच नाही.

रात्री अंडे पडले. ते कातड्यासारखे मऊ होते. त्यावर कवचच नव्हते. सकाळी कोंबडी दाणे टिपू लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पाण्याचे भांडे त्यांनीच भरून ठेवले.

हे सगळे करूनही त्या दिवसात अंडे पडले नाही, तर वाट पाहू नका. कोंबडी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मनाने कसलेही औषध देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिले, तर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारून घ्या.

आता प्रश्न असा, की अंडे मऊ का झाले?

अंड्याचे कवच जवळजवळ सगळे चुन्याचे असते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. एक अंडे तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो. त्यातला मोठा भाग कवच चढायलाच जातो, आणि ते काम बरेचसे रात्री चालते. आपण कोंबडीला ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी टाकतो. त्यात चुना फार थोडा. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून चुना काढते. हाडे कमजोर होतात. तोही संपला, की अंडे मऊ पडते. अंडे बाहेर ढकलायलाही चुना लागतो, म्हणून ते अडते.

उपाय सोपा आहे. शिंपल्यांची भरड वेगळ्या वाडग्यात ठेवा. दुकानात तिला शेल ग्रिट म्हणतात. ती नसेल, तर घरातली अंड्यांची टरफले धुऊन तव्यावर भाजा आणि बारीक कुटा. अख्खी टरफले टाकू नका. त्याने कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते. संध्याकाळी वाडगा पुढे ठेवला, तर उत्तम. हवे तेवढे कोंबडी आपण होऊन खाते. पिल्लांना मात्र तो देऊ नका. जास्त चुन्याने त्यांना अपाय होतो. पानाला लावायचा चुनाही देऊ नका. तो तोंड पोळतो.

कधीकधी अंडे घालताना कोंबडीचे अंग बाहेर येते. लाल मांस दिसते. अशी कोंबडी त्याच क्षणी वेगळी करा. बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून तिला मारतात. कोमट पाण्याने अंग धुवा, तेल लावून स्वच्छ बोटाने हळूच आत सारा, अंधारात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पण दर वेळी आजारच असतो असे नाही. गावठी कोंबडी काही अंडी घालून खुडूक बसते. ती २१ दिवस अंडी उबवते, मग पिल्ले सांभाळते. तोवर ती अंडी देत नाही. पिसे झडतात तेव्हाही ती दोन-तीन महिने थांबते. मार्गशीर्ष-पौषात दिवस लहान असतो, तेव्हा अंडी कमी होतात. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे कोरडे पडले, तरी अंडी घटतात. अशा कोंबडीला सुरी लावणे म्हणजे चालते जाते मोडून टाकणे.

खुराडेही पाहा. फटींत गोचीड लपतात आणि रात्री रक्त पितात. फटी चुन्याने लिंपून घ्या. कोरडी माती आणि राख यांचा एक खड्डा करा. कोंबडी त्यात लोळते आणि अंग साफ करते.

एका गोष्टीला मात्र भ्यायला हवे. सगळ्या कोंबड्यांची अंडी एकदम थांबली, हिरवी हगवण लागली, धाप लागली, माना वाकड्या झाल्या, तर ती मानमोडी असू शकते. तिलाच रानीखेत म्हणतात. तिला औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवड्याचे होते, तेव्हा पहिली लस डोळ्यात थेंब टाकून देतात. पुढच्या लसी केव्हा द्यायच्या, ते दवाखान्यात विचारा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला होता. म्हणून एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर उघड्या हाताने शिवू नका, खाऊ नका, विकू नका. दवाखान्यात लगेच कळवा.

शेवटी एक काम सांगतो. तुम्ही आता लिहायला शिकलात. पूर्वी आक्का भिंतीवर कोळशाने रेघा ओढीत. पावसाळ्यात भिंत सारवली, की हिशेब पुसला जाई. आता त्यांच्याकडे चार आण्यांची नव्हे, दहा रुपयांची वही आहे. तारीख, कोणती कोंबडी, अंडे घट्ट की मऊ, एवढेच त्या लिहितात. परवा त्या म्हणाल्या, "गुरुजी, तांबडीनं दोन येळा मऊ अंडं घातलं. वहीत दिसलं. लगेच शिंपला सुरू केला."

कोंबडी आजारी पडण्याआधीच आक्कांना कळले. हे आम्हांला जमले नव्हते. हे अक्षराने केले.

तुम्हीही आज रात्री एक पान आखा. उद्या सकाळचे अंडे त्यावर लिहा.

रामराम.