हंडा कुठं गेला?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षरे लावून वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता. रेशन दुकानातला फळा वाचता. ही चांगली गोष्ट झाली. आज आम्ही तुम्हांला एका चित्रपटाची हकिगत सांगणार आहोत. हा चित्रपट थिएटरातला नव्हे. आमच्या शाळेच्या मुलांनी तो मोबाईलवर काढला. अकरा मिनिटांचा. त्यात नट नाही, नटी नाही, गाणे नाही. तरी त्या चित्रपटावरून गावात भांडण झाले. त्या भांडणात पहिली चूक आमची होती. म्हणून ही हकिगत आम्हीच सांगितलेली बरी.

आधी चित्रपट म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र खरोखर हलत नाही. एका सेकंदात चोवीस-पंचवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित वेगळे असते. ती इतक्या झपाट्याने जातात, की डोळ्याला ती सुटी दिसत नाहीत. माणूस चालतो आहे, असेच वाटते. मोबाईलच्या व्हिडिओतही हेच घडते.

आपल्या लोकांना हे काम नवे नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक गृहस्थ मुंबईत होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. त्यावर १८९९ साली त्यांनी काय टिपले? दोन पैलवानांची कुस्ती! पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा केंब्रिजला गणितात पहिला आला होता. त्याच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ साली लागला. पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडे थोडे चित्र घेतले. बी फुटते, कोंब येतो, वेल वर चढतो, हे सारे बघणाऱ्याला एका बैठकीत दिसले. ते दाखवून त्यांनी पुढच्या कामासाठी पैसा उभा केला. आज शाळेतली मुले मटकीला मोड कसे येतात त्याचा व्हिडिओ करतात. तो फाळक्यांचाच धडा आहे.

कोणी म्हणेल, ही शिकलेल्यांची कामे. तसे नाही. अहमदाबादला 'सेवा' ही कष्टकरी बायांची संघटना आहे. इला भट्ट यांनी ती १९७२ साली काढली. तिथल्या काही बाया १९८४ साली व्हिडिओ काढायला शिकल्या. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या. पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्या कॅमेरा चालवू लागल्या आणि आपल्या बाजाराचे, आपल्या कष्टाचे चित्रण करू लागल्या.

आता आमच्या गावची गोष्ट.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. २०१७ साली तिथे एक तरुण बाई शिकवायला आल्या. त्या आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, या वर्षी प्रकल्प कागदावर नको. मुलांना गावाचा व्हिडिओ करू द्या."

खरे सांगायचे तर आम्हांला ते रुचले नाही. पण आमचे कागदावरचे प्रकल्प तरी कसले होते? दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा. कात्रीने कापायचा. डिंकाने वहीत चिकटवायचा. ते कामही थोरला भाऊ नाहीतर आई करायची. आम्ही खाली 'छान' असा शेरा मारून मोकळे! म्हणून आम्ही हो म्हटले.

विषय ठरला गावाच्या पाण्याचा. सहावी-सातवीची अकरा मुले घेतली. पहिला आठवडा बाईंनी मोबाईल हातात दिलाच नाही. आधी प्रश्न लिहा म्हणाल्या. पाणी कुठून येते? टाकीत किती मावते? कोणाकडे किती वेळ येते? पाणी सोडणाऱ्या शिपायाला काय विचारायचे? मुलांनी दोन पाने भरली. मग कामे वाटली. एकाने विचारायचे, एकीने लिहून घ्यायचे, एकाने मोबाईल धरायचा. आणि एकाने नुसते गप्प उभे राहून कान द्यायचा, आवाज नीट येतो का ते.

पहिल्या दिवशी सगळे बिघडले. वाऱ्याचा घूं घूं आवाज आला. हात हलले. सूर्य माणसाच्या पाठीमागे होता, म्हणून सरपंचांचे तोंड कोळशासारखे काळे दिसले. मुले हसून हसून बेजार झाली. दुसऱ्या दिवशी मुले शहाणी झाली. सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा. मोबाईल आडवा धरायचा. कोपर पोटाला टेकवायचे, म्हणजे हात हलत नाही.

बाईंचा एक नियम मोठा कडक होता. विचारल्याशिवाय कोणाचे चित्र घ्यायचे नाही. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या एका बाईने "मला नका घेऊ" म्हटले. मुलांनी लगेच मोबाईल खाली केला. मंडळी, उद्या कोणी तुमच्यापुढे मोबाईल धरला, तर तुम्हीही विचारा. कशासाठी काढतोस? कोणाला दाखवणार? आवडले नाही तर सरळ नको म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या गावाला एक वरची वाडी आहे. वीस-बावीस घरांची. टाकी आहे मधल्या टेकाडावर. वाडी जवळजवळ टाकीच्याच उंचीवर आणि नळाच्या शेवटच्या टोकाला. खालच्या आळीचे नळ उघडे असले, की पाणी उताराने तिकडे पळते. वरच्या टोकाला जोरच उरत नाही. वाडीचे नळ नुसते फुसफुसत. बायका विहिरीवरून पाणी नेत.

मुले तिथे एका म्हातारीबरोबर चालली. विहिरीपासून तिच्या दारापर्यंत सातवीतल्या एका मुलीने मोठ्याने पावले मोजली. सहाशे बारा भरली. सगळी चढाची. म्हातारीच्या हंड्यात पंधरा लिटर पाणी मावते. म्हणजे डोक्यावर पंधरा किलो, वर हंड्याचे वजन वेगळे. दिवसाला पाच खेपा. पाच खेपांचे पंचाहत्तर लिटर. घरात माणसे पाच. माणशी पंधरा लिटर झाले. पुढे २०१९ साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. त्यात माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी हे माप धरले आहे. त्यावरून तुम्हीच काय ते समजा.

मग मुले खालच्या आळीत आली. तिथे एका दारात नळाला तोटी नव्हती. पाणी गटारात चालले होते. मुलांनी विचारून खाली पंधरा लिटरची बादली लावली आणि घड्याळ बघितले. तीन मिनिटांत बादली भरली. तासाला वीस बादल्या. तीनशे लिटर! म्हातारीचे चार दिवसांचे पाणी एका तासात गटारात जात होते. हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला, आणि फळाही व्हिडिओत घेतला.

आम्ही तो चित्रपट पाहिला आणि आमच्या पोटात गोळा आला. ते दार गावातल्या एका मोठ्या गृहस्थांचे होते. त्यांनी शाळेला पंखे दिले होते. आमची नोकरी संपायला थोडेच महिने राहिले होते. नसते लचांड कशाला, असे आम्हांला वाटले. आमच्या नळाला तोटी होती खरी. पण आमचा हौद भरल्यावाचून आम्हीही नळ कधी बंद केला नव्हता.

आम्ही बाईंना म्हटले, "तोटीचा भाग काढा. आणि तो नसेल तर म्हातारीचाही काढा. नाहीतर लोक कारण विचारतील."

पावले मोजणारी मुलगी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, आजीला मी सांगितलंय. तू दिसणार म्हणून."

"पुढच्या वेळी घेऊ," असे आम्ही म्हणालो. दोन मिनिटांत तो भाग निघाला. पाटीवरचे अक्षर पुसावे तसा. अकरा मिनिटांचा चित्रपट सात मिनिटांचा झाला.

२६ जानेवारी २०१८ ला रात्री देवळाच्या सभामंडपात पडदा लावला. सारा गाव लोटला. वरच्या वाडीची माणसे बॅटऱ्या घेऊन खाली आली. म्हातारी ठेवणीतले लुगडे नेसून पुढे येऊन बसली. चित्रपट झाला. टाळ्या पडल्या. पंखे देणारे गृहस्थ खूष होऊन आमच्या पाठीवर हात ठेवते झाले. लोक उठू लागले. म्हातारी उठेना. पडदा पांढरा झाला, तरी ती तिकडेच बघत होती.

मग ती म्हणाली, "संपलं? गुरुजी, माझा हंडा कुठं गेला?"

आम्ही म्हटले, "मावशी, वेळ पुरला नाही."

ती म्हणाली, "मी तर दोनदा चढले हो. पहिल्यांदा वारं आलं. पोरं म्हणाली, आजी, नीट आलं नाही, पुन्हा चढ. मी भरला हंडा घेऊन पुन्हा चढले."

एवढेच बोलून ती गेली. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. चाळीसेक वर्षे आम्ही मुलांना 'खरे बोलावे' हे सुलेखन लिहायला दिले, आणि भर देवळात एका म्हातारीशी खोटे बोललो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंना विचारले, तो भाग राहिला आहे का? बाई म्हणाल्या, "आहे. मी पुसला नव्हता." आम्ही आधी त्या गृहस्थांकडे गेलो. म्हटले, तुमच्या दाराचे चित्र आहे. आम्ही ते ग्रामसभेत दाखवणार. पाठीमागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगतो. ते फार चिडले. "आमच्या पंख्याखाली बसून आमचीच बदनामी करता?" म्हणाले. आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. पंखे त्यांचेच होते. मग आम्ही त्यांना एवढे कबूल केले, की घर ओळखू येईल तेवढा भाग झाकू, फक्त नळ आणि बादली दाखवू. हे योग्य केले की भीतीने केले, ते आम्हांला अजून ठरवता येत नाही.

१ मे च्या ग्रामसभेत पुरा चित्रपट दाखवला. ते गृहस्थ आले नाहीत. त्यांची सून आली होती. चित्रपट संपला आणि गलका झाला. कोणी म्हणाले, गावाची अब्रू गेली. कोणी म्हणाले, पाईपच चुकीचा टाकला. कोणी म्हणाले, पोरांना हे धंदे कोणी शिकवले? दोन आळ्यांचे जुने भांडणही त्यात निघाले. पण बादलीचा हिशेब कोणाला खोडता येईना. एकाने घरून घड्याळ आणि बादली आणून पुन्हा मोजले. त्याच्या नळाला साडेतीन मिनिटे लागली!

शेवटी पाणी सोडणारा शिपाई उठला. त्याला आजवर कोणी काही विचारलेच नव्हते. तो म्हणाला, "वाडीला वेगळा वॉल नाही. तो बसवा. खालचा बंद ठेवून आधी वर सोडतो. मग बघा." तसा ठराव झाला. तोट्यांचाही झाला. त्या महिनाअखेर आम्ही निवृत्त झालो. वॉल बसायला दिवाळी उजाडली.

आता वाडीला पहाटे अर्धा तास पाणी येते. वीज गेली आणि टाकी भरली नाही, की येत नाही. तोट्या दोनदा चोरीला गेल्या. त्या चोरणारा कोण, याचा व्हिडिओ मात्र अजून कोणी काढलेला नाही. म्हातारी अजून विहिरीची एक खेप करते. विचारले तर म्हणते, नळाच्या पाण्याला चव नाही.

तो चित्रपट शाळेत ठेवला आहे. त्यात मुलांची तोंडे आहेत, म्हणून तो मोबाईलवर इकडे तिकडे पाठवायचा नाही, असे ठरले आहे. ज्याला बघायचा असेल त्याने शाळेत यावे. शेवटी पडद्यावर नावे येतात. आधी अकरा मुलांची, मग ज्यांनी माहिती दिली त्यांची. म्हातारीचे नाव सगळ्यांत खाली आहे.

म्हातारीला वाचता येत नाही. तिची सून या वर्गात येत होती. एके शनिवारी दोघी शाळेत येऊन बसल्या. नाव आले तेव्हा सुनेने एक एक अक्षर लावून ते मोठ्याने वाचले. पण अक्षरे भराभर वर सरकली, आणि आडनाव राहून गेले.

म्हातारी म्हणाली, "पुन्हा लावा."