स्थलांतर आणि आपली चूल
(पॅरिशच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सभेंत धर्मगुरूनें भक्तीविषयीं बोलावें, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज आम्हीं चुलीविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. ज्या घरांनीं ही पॅरिश उभी केली, त्यांतील बहुतेक दुरून येथें आलेलीं आहेत. आणि माणूस गांव सोडतो, तेव्हां प्रार्थनेच्या खालोखाल तो बरोबर कांहीं नेत असेल, तर ती जिभेवरची चव होय.

पवित्र शास्त्रांत हा अनुभव नमूद आहे. गणनेच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय पाहा. मिसर देशांतून सुटलेले इस्राएल लोक अरण्यांत रडूं लागले, तें कशासाठीं? मिसरांतील मासे, काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण आठवून! मान्ना रोज मिळत होता. पोट भरत होतें, मन भरत नव्हतें. देवाच्या देणगीचा कंटाळा हा त्यांचा दोष खरा. तथापि त्याच लोकांनीं बेखमीर भाकरीचा सण जेथें जेथें गेले तेथें तेथें पाळला. म्हणजे अन्नाची आठवण माणसाला मागें ओढूं शकते, तशीच ती एका कुळाला एकत्रही राखूं शकते.

आतां आपल्या कन्हानकडे वळूं. नदीपलीकडे कामठीची छावणी १८२१ सालीं वसली. तेथें मद्रासी पलटणी राहिल्या व त्यांच्याबरोबर तमिळ व तेलुगु कुटुंबें आलीं. पुढें रेल्वे आली, कोळशाच्या खाणी निघाल्या. छत्तीसगडापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतचे मजूर आले. शाळा व दवाखान्यांच्या सेवेसाठीं केरळ, गोवें व मंगळूर येथूनही माणसें आलीं. प्रत्येकानें आपली चूल येथें मांडली.

या चुलीवरचें अन्न एकदम बदलत नाहीं, क्रमानें बदलतें. प्रथम धान्य बदलतें, कारण बाजारांत जें मिळेल तेंच शिजवावें लागतें. मग खाणीच्या पाळ्या आणि शाळेची घंटा न्याहारी बदलतात. सर्वांत शेवटीं बदलतें तें सणाचें पक्वान्न. म्हणून वर्षभर पोहे-पोळी खाणाऱ्या गोवेंकर घरांतही नाताळांत नेवऱ्या होतात. केरळांतील संत थॉमसच्या ख्रिस्ती घराण्यांत पवित्र गुरुवारीं बेखमीर पेसहा अप्पम होतो, आणि घरांतील वडील माणूस तो मोडून सर्वांस वाटतो. ही नुसती चव नव्हे. ही घरांतील उपासना आहे.

कित्येकदां नवी भूमी जुनीच वस्तु दुसऱ्या नांवानें पुढें ठेवते. तेलुगु बहिणीची गोंगुरा आणि नागपुरी बहिणीची अंबाडी ही एकच आंबट भाजी. एकीनें तिची मिरचीबरोबर चटणी केली, दुसरीनें ती तुरीच्या डाळींत ज्वारीच्या कण्यांसह शिजविली. छत्तीसगडी मजुराची बासी आणि तेलुगु माणसाचें चद्दन्नम् हा दोहींकडे रात्रीं भिजविलेला भातच. शिवाय, ज्या मिरचीवांचून नागपूरचा सावजी रस्सा होत नाहीं, ती मूळची अमेरिकेंतील; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानांत आली. बटाटाही असाच परका. तेव्हां ‘आमचें तेवढेंच अस्सल’ हा अभिमान कोणीं धरूं नये.

मग भय कशाचें? आम्हांस तीन भयें दिसतात. पहिलें, मुलांची लाज. डब्यांतील पदार्थास सोबती हसले, कीं मूल तो परत आणतें आणि आईजवळ इतरांसारखें मागूं लागतें. दुसरें, वृद्धांचें एकटेपण. आजीच्या हातचें ज्यांना रुचत नाहीं, त्यांना तिची भाषाही हळूहळू कळेनाशी होते. तिचें ज्ञान कोठें लिहिलेलें नसतें, तें तिच्याबरोबर मातींत जातें. तिसरें, परंपरेचें सर्व ओझें एकट्या गृहिणीवर. सासऱ्यांना एक, मुलांना दुसरें, असें दोनदां रांधून ती थकते. पुरुषांनीं पूर्वजांचा अभिमान सांगावा आणि स्त्रियांनीं तो दळावा, हा न्याय नव्हे.

जतन कसें करावें, तें आपल्याच कोंकणांतील बेने इस्राएल लोकांपासून शिकावें. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ मराठी कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. तेथें त्यांचें रोजचें अन्न बदललें. पण शुभप्रसंगीं एलिया संदेष्ट्याचें स्मरण करून पोहे, नारळ, गूळ व फळें यांचा मलिदा करणें त्यांनीं सोडलें नाहीं. रोजचें सोडून दिलें, मुख्य तें धरून ठेवलें.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक घरानें सणाचा निदान एक पदार्थ निवडावा. आजीनें सांगावा, नातवानें लिहावा, आणि मुलगे व मुली दोघांनींही तो करावयास शिकावा. महोत्सवाच्या भोजनास तो आणावा, आणि शेजाऱ्याचा आदरानें चाखावा. यंदाच येथें कामाला आलेल्या कुटुंबास मुद्दाम बोलवावें, कारण आपले आजोबाही एके काळीं असेच अनोळखी होते.

आपल्या चुली अनेक आहेत. वेदीवर मात्र भातखाऊस, भाकरखाऊस, सर्वांस एकच गव्हाची भाकर मिळते. त्या एका भाकरीनें आपल्या अनेक चुलींस प्रेमाची ऊब मिळो, हीच प्रभूजवळ प्रार्थना.