चांदीचे गाव आणि रुपयाचा प्रश्न



विहाराच्या वर्धापनदिनी आज आम्ही तुम्हाला एका ओस पडलेल्या गावाची हकिकत सांगणार आहोत. गाव अमेरिकेतले, पण त्याचा धागा आपल्या पणज्यांच्या हातापायांतल्या चांदीपर्यंत येतो.

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात कॅलिको नावाचे गाव आहे. १८८१ साली तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि बघता बघता वस्ती उभी राहिली. पोस्ट आले, दुकाने आली, दारूचे गुत्तेही आले. शेकडो खाणी खोदल्या गेल्या; त्यांत ‘सिल्व्हर किंग’ सर्वांत मोठी. रखरखीत उन्हात कामगार डोंगर पोखरत होते.

मग गाव उठले कशामुळे? डोंगरातली सगळी चांदी संपली म्हणून? नाही. चांदीचा भाव पडला म्हणून!

१८७० नंतर जर्मनीसारखी राष्ट्रे सोन्याच्या चलनाकडे वळली. अमेरिकन सरकार १८९० च्या कायद्याने दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते, त्यावर भावाला टेकू होता. पण २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेनेही आपली खरेदी थांबवली. १८९० साली औंसाला एक डॉलरच्या वर असलेला भाव १८९४ मध्ये ६३ सेंटच्या आसपास आला. १८९८ ला कॅलिकोचे पोस्ट बंद पडले. पुढे गाव ओसच पडले. १९५१ साली वॉल्टर नॉट यांनी ते विकत घेऊन डागडुजी केली. आज लोक तिथे तिकीट काढून रिकामे गाव पाहतात.

आता इकडे या. १८९३ पूर्वी कोणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. गरिबाची बँक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी. टांकसाळीचे दार बंद झाले, तेव्हा रुपया वेगळा झाला आणि चांदी वेगळी झाली. तोडे-वाळे तेच, वजन तेच; पण मोडायला नेले की रुपये कमी! कॅलिकोच्या मजुराला कोणी विचारले नाही, तसे आपल्या पणजीलाही नाही.

हा सगळा इतिहास बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तपासला. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून वंदन करतो, पण अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब किती घरांत वाचले जातात? कष्ट आपण करतो, भाव दुसराच ठरवतो. तो कोण व कसा ठरवतो, हे आपल्या मुला-मुलींना कळले पाहिजे. विहाराच्या वाचनालयात हा ग्रंथ असावा आणि जाणत्यांनी तो मुलांना सोपा करून सांगावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम!