खाणीची बराक आणि एचआयव्ही



परमुलखातून आलेला मजूर रोग घेऊन येतो, ही समजूत फार जुनी आहे आणि राज्यकर्त्यांना ती नेहमीच सोयीची वाटत आली आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तिची कसोटी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत लागली. तेथे काय घडले ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे.

विटवॉटर्सरँडच्या खाणी १८८६ नंतर सुरू झाल्या. तेथील सोने खोल आणि खडकात विरळ पसरलेले. भाव मात्र जगाच्या बाजारात बांधलेला. तेव्हा काटकसर करावयाची ती मजुरीतच. मोझांबिक, लेसोथो, मलावी या मुलखांतून पुरुष तेवढे कंत्राटावर आणावयाचे, बराकीत ठेवावयाचे आणि मुदत संपताच परत धाडावयाचे, अशी व्यवस्था उभी राहिली. बायकामुलांना बरोबर आणण्यास मज्जाव होता. त्यामागचा हिशेब उघड होता : मजुरी एकट्या जिवापुरती द्यावी, मुले वाढविणे, आजारपण काढणे, म्हातारपण निभावणे हे सारे गावाकडच्या शेतीने आणि त्याच्या बायकोने पाहावे. गिरणगावातल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा चाकरमानी ज्यांच्या घराण्यात होऊन गेला, त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. मात्र त्याच्या बायकोला मुंबईस आणण्याच्या आड येई ते खोलीचे भाडे; आफ्रिकेत कायदाच आड येत होता.

१९८६ साली खाणमालकांच्या संघटनेने कामगारांचे रक्त तपासले, तेव्हा मलावीहून आलेल्यांपैकी शंभरात सुमारे चौघांना लागण असल्याचे दिसले. इतरांत प्रमाण नगण्य होते. वर्णद्वेषी सरकारने १९८७ साली बाधित परकीयांना प्रवेश नाकारणारा नियम केला. आपल्या माणसांची तपासणी करण्यास मलावीचे सरकार तयार होईना. तेथील भरती बंद पडली आणि हजारो कामगार माघारी गेले.

फाटक बंद झाले. पुढे काय झाले? दक्षिण आफ्रिकेतील गरोदर स्त्रियांच्या तपासणीत लागणीचे प्रमाण १९९० साली १ टक्क्याहूनही कमी होते. १९९९ साली ते २२ टक्क्यांवर गेले. ही वाढ एकट्या खाणींनी घडविली असे कोणी म्हणणार नाही. पण फाटक बंद केल्याने ती अडली नाही, हे निर्विवाद आहे. मलावीचा मजूर गेला होता. बराक तशीच होती, कंत्राट तसेच होते, आणि बराकीबाहेरच्या वस्तीत पोटासाठी आलेल्या निराधार स्त्रियाही तशाच होत्या. रोज दरड कोसळण्याच्या भीतीखाली उतरणाऱ्या माणसाला, दहा वर्षांनी मारणाऱ्या रोगाची भीती भित्तिपत्रक लावून कशी घालणार?

क्वाझुलु-नाताल प्रांतातील एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. दूर कामाला जाणारे पुरुष आणि गावीच राहणारे पुरुष, अशा दोहोंची कुटुंबे तीत होती. दोघांपैकी एकालाच लागण असलेल्या जोडप्यांकडे पाहता, दहांतील सुमारे तीन जोडप्यांत ती स्त्रीला होती, पुरुषाला नव्हती. नवरा शहरातून रोग आणतो आणि सोशिक बायकोला देतो, हे आपल्याही लेखकांचे आवडते चित्र त्यामुळे अपुरे ठरते. ताटातूट दोघांचीही होते; एकटेपण आणि अडचण मागे राहिलेलीच्याही वाट्याला येते.

ही गोष्ट केवळ आफ्रिकेची नव्हे. पॅरिस आणि परिसरात २०१२-१३ मध्ये झालेल्या ‘पारकूर’ या अभ्यासात असे आढळले, की सहारेच्या दक्षिणेकडून आलेल्या बाधितांपैकी निदान एकतृतीयांश, कदाचित निम्म्या लोकांना लागण फ्रान्समध्ये पोहोचल्यानंतर झाली. ज्या वर्षांत हाती वास्तव्याचा परवाना नव्हता आणि राहण्यास स्वतःची जागा नव्हती, त्या वर्षांत धोक्याचे संबंध अधिक आले. रात्रीच्या आसऱ्यासाठी परक्यावर अवलंबून असलेली स्त्री निरोधाचा आग्रह कोणत्या बळावर धरणार?

निरोध वाटावेत, तपासणी करावी, याविषयी वाद नाही. परंतु तपासणी कशासाठी, हा प्रश्न उरतोच. आखातात नोकरीस जाणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या तरुणाचे रक्त निघण्यापूर्वी तपासतात, तेथे पोहोचल्यावर पुन्हा तपासतात. लागण दिसली की त्याची रवानगी परत. अशा ठिकाणी शहाणा माणूस दुखणे लपवील. नियमित औषधाने रक्तातील विषाणू दबला म्हणजे शरीरसंबंधातून लागण पुढे जात नाही, हे आता सिद्ध आहे. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध झाला. इंग्लंडने ऑक्टोबर २०१२ पासून एचआयव्हीवरील उपचार, रोग्याचा वास्तव्याचा हक्क न पाहता, विनामूल्य केला. त्यात दया होती की हिशेब, हे सोडून द्या. हिशेब मात्र बरोबर होता.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट १९९४ साली गेली. २०१० सालच्या खाण-सनदेने उद्दिष्ट ठरविले, की २०१४ पर्यंत बराकींची कुटुंबासाठी घरे व्हावीत, आणि जेथे बराक राहील तेथे एका खोलीत एकच माणूस असावा. घरे बांधण्यापेक्षा ‘बाहेर राहण्याचा भत्ता’ देणे अनेक कंपन्यांना स्वस्त पडले. तो भत्ता घेऊन कामगार खाणीलगतच्या पत्र्याच्या झोपडीत गेला, आणि त्यातले जे वाचेल ते गावी धाडू लागला. पुष्कळांच्या बायका अद्याप गावीच राहिल्या.