सामान्य वाचकाचे मत आणि गावचे ग्रंथालय



पुस्तक परत करण्यासाठी आलेला वाचक देवघेवीच्या खिडकीशी क्षणभर थांबतो आणि जाता जाता काही तरी बोलून जातो. "शेवट पटला नाही", "हे तर आमच्याच गावचे वाटते", "दहा पानांपुढे जाणे झाले नाही", "याच लेखकाचे दुसरे आहे काय?" ग्रंथपाल मान हलवितो, परतीची तारीख टाकतो आणि पुस्तक कपाटात जाते. तारखेची नोंद राहते. ते वाक्य मात्र हवेत विरून जाते. वार्षिक अहवालात किती ग्रंथ खरेदी झाले आणि सभासद किती वाढले, याचे आकडे असतात. वाचकाला पुस्तक कसे वाटले, यासाठी मात्र रकाना नसतो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या हरवणाऱ्या वाक्याचा विचार करणे, हा या भाषणाचा हेतू आहे.

श्रोत्यांची जुनी परंपरा

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्यापूर्वी येथील राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे शाळेत एक भाषा आणि घरात दुसरी, अशी येथील पिढ्यांची वाढ झाली. मराठी अक्षराशी अनेकांचा संबंध टिकला तो पोथीमुळे. श्रावणात देवळाच्या ओसरीवर 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' लागे. एक जण वाची आणि सारी आळी ऐके. ओवी संपल्यावर कोणी अर्थ विचारी, कोणी कर्णाची बाजू घेई, कोणी धर्मराजाला दोष देई. श्रोत्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. परंतु मत होते आणि ते चारचौघांत मांडण्याचा संकोचही नव्हता.

येथील सामान्य माणसाला पुस्तकाविषयी मत असते काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर या ओसरीवर फार पूर्वीच मिळालेले आहे. प्रश्न इतकाच की, पोथीच्या जागी छापील पुस्तक आले, ओसरीच्या जागी ग्रंथालय आले, तेव्हा श्रोत्याचा तो अधिकार वाचकाकडे पोहोचला काय?

नांदेडहून गेलेले एक पत्र

वाचकाच्या मताला केवढी उंची गाठता येते, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचा जन्म कुरुंद्याचा, कर्मभूमी नांदेड. विद्यार्थिदशेत हैदराबादेस असताना परीक्षांपेक्षा ग्रंथांकडे त्यांचा ओढा अधिक आणि त्याची किंमत त्यांनी परीक्षेतील अपयशाने मोजली. पुढे ते नांदेडला शाळेत शिक्षक झाले, पीपल्स कॉलेजात अध्यापक झाले आणि त्याच महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीच्या निमित्ताने कुरुंदकरांनी लेखकास एक दीर्घ पत्र लिहिले आणि ते त्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून छापले गेले. शिवाजी महाराजांच्या चरित्रातील रोमहर्षक प्रसंगांवरच लक्ष खिळून राहिले तर त्यांचे खरे मोठेपण हातून निसटते. राजा गेल्यानंतरही रयत सत्तावीस वर्षे झुंजत राहिली, कारण ते राज्य तिला आपले वाटत होते, असा त्यांच्या विवेचनाचा एक मुख्य धागा आहे. महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या कादंबरीच्या आरंभी गोदाकाठच्या एका वाचकाचे पत्र असावे आणि पुढे त्या पत्राचीही स्वतंत्रपणे चर्चा व्हावी, ही मराठवाड्याला भूषणावह गोष्ट होय.

कुरुंदकर सामान्य वाचक नव्हते, हे खरे. परंतु त्यांची रीत सामान्य वाचकास अनुकरणीय आहे. पुस्तक वाचावे, आपल्याला काय दिसले ते निर्भयपणे लिहावे, का दिसले ते सांगावे आणि ज्याला सांगावयाचे त्याच्यापर्यंत ते पोहोचवावे. आणि लेखकानेही त्या पत्राला ग्रंथाच्या दारातच जागा दिली, हे विसरता येणार नाही. मत देणाऱ्याइतकेच मत ऐकून घेणाऱ्याचे औदार्यही मोलाचे असते.

एक कपाट, अनेक नजरा

ग्रंथालयाच्या एकाच कपाटात किती निरनिराळ्या जातींची पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात! साने गुरुजींचे 'श्यामची आई' (१९३५), व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३), शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७), रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७). या प्रत्येकाला वाचक आहे. परंतु प्रत्येकाला तोच वाचक नाही, आणि एकच पुस्तक दोन वाचकांना एकसारखे दिसत नाही.

'बनगरवाडी'त एक तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवावयास जातो आणि शेवटी दुष्काळ ती वस्ती उठवितो. ती वाडी माणदेशातील आहे. परंतु मुखेड किंवा किनवट तालुक्यातील तांड्यावर एकट्याने शाळा चालविलेल्या गुरुजींना, किंवा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या म्हाताऱ्याला, त्या पुस्तकाविषयी जे सांगता येईल ते शहरातील समीक्षकाला सांगता येणार नाही. त्यांचे मत अनुभवाच्या तराजूत तोललेले असते.

'पाचोळा'चे लेखक लातूर जिल्ह्यातील काटगावचे. खेड्यातील एका शिंप्याच्या संसाराची कथा त्यांनी त्याच्या बायकोच्या तोंडून आणि तिच्याच बोलीत सांगितली आहे. पुण्यामुंबईच्या वाचकास या बोलीची नवलाई वाटते. औशाच्या किंवा निलंग्याच्या वाचकास तीत नवल काही नाही. त्याला वाटते ते आश्चर्य वेगळेच: आपण घरात बोलतो ते पुस्तकातही छापले जाते! शाळेत ज्या बोलीबद्दल मुलाला कानकोंडे व्हावे लागते, तिच्याच बळावर कादंबरी उभी राहते, हे ध्यानात येणे हाच त्या वाचकाचा अभिप्राय असतो.

'उचल्या'ची गोष्ट याहून गंभीर आहे. लातूरजवळच्या धनेगावी जन्मलेल्या लेखकाने, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीचे जिणे स्वतःच्या चरित्रातून उघडे केले आणि १९८८ मध्ये त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने असा शिक्का मारण्याची प्रथा पाडली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये कायदा गेला, तरी लोकांच्या मनातील शिक्का गेला नाही. असे पुस्तक वाचून एक जण म्हणेल, "हे छापावयास नको होते"; दुसरा म्हणेल, "हे पूर्वीच छापावयास हवे होते." शिपायाचा, सरपंचाचा आणि त्या वस्तीतील तरुणाचा अभिप्राय एकच असणे शक्य नाही. हे तिन्ही अभिप्राय एका वहीत शेजारी शेजारी आले, तर ती वही गावाने स्वतःकडे पाहण्याचा आरसा ठरेल.

अनुदान आले, अभिप्राय राहिला

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांना शासनाने मान्यता व अनुदान द्यावे, ही त्याची मुख्य दिशा. या व्यवस्थेमुळे लहान गावांतही ग्रंथालये उभी राहिली, हे तिचे यश निर्विवाद आहे. परंतु लोकांची संस्था म्हणजे केवळ कार्यकारिणी नव्हे. पुस्तके कोणती घ्यावयाची, हे यादी पाहून किंवा विक्रेत्याची सवलत पाहून ठरले, तर सार्वजनिक पैशातून न उघडलेल्या पुस्तकांची रास साठते. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, हे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन सूत्रांचे सार आहे. या दोघांची गाठ वाचकाला विचारल्याखेरीज कशी पडावी?

आज ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली मोठ्या संख्येने बसतात. परीक्षेतील यशासाठी 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले. या मुलांना जागा, दिवा आणि संदर्भग्रंथ मिळालेच पाहिजेत. परंतु त्यांच्या हाती केवळ प्रश्नोत्तरांची पुस्तके राहिली, तर पुस्तकाचे उत्तर पाठ करण्याची सवय लागेल आणि पुस्तकालाच प्रश्न विचारण्याची सवय मोडेल. उद्या हीच मुले अधिकारी म्हणून टेबलाच्या पलीकडे बसणार आहेत. दुसऱ्याचे म्हणणे वाचून त्यावर स्वतःचे मत बनविण्याचा सराव त्यांना आजच व्हावयास हवा.

करता येण्याजोगे काही

यासाठी मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. देवघेवीच्या खिडकीशी दोरीने बांधलेली एक अभिप्रायवही असावी. तीत पुस्तकाचे नाव आणि दोन ओळी, एवढेच मागावे. चांगले की वाईट, इतकेच न विचारता, "कोठे थांबावेसे वाटले?" असे विचारावे. ज्यांना लिहिणे अवघड जाते, त्यांचे बोल ग्रंथपालाने किंवा शाळेतील मुलांनी उतरून घ्यावेत. देगलूर, बिलोली, उदगीर हा सीमेचा भाग. तेथे घरात तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा गोरमाटी बोलणारे वाचक आहेत. त्यांचा अभिप्राय त्यांच्या भाषेत आला तरी तो तसाच घ्यावा.

महिन्यातून एकदा शाळेच्या पटांगणात किंवा पंचायतीच्या कचेरीत एका पुस्तकावर बैठक व्हावी. अध्यक्ष, हारतुरे यांची गरज नाही. शिक्षकांनी आरंभी चार पाने वाचावीत आणि नंतर ऐकावे. आपले मत शेवटी सांगावे. कारण गुरुजींनी आधी सांगितले की वर्ग तेच म्हणतो. मुख्य म्हणजे, ग्रंथखरेदीच्या सभेत ही वही टेबलावर असावी.

एका गोष्टीचे मात्र भान ठेवावयास हवे. अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. शंभरांना जे रुचते तेच घ्यावयाचे ठरले, तर 'कोसला'सारखे पुस्तक एखाद्या एकट्या तरुणाच्या हाती कधीच पडणार नाही आणि 'उचल्या' कोणाच्या तरी नाराजीखाली दडपून जाईल. बहुसंख्य वाचकांची आवड वहीत दिसावी; त्याचबरोबर एकट्या वाचकाची मागणीही तीत सुरक्षित राहावी. ग्रंथालय समितीची कसोटी या दुसऱ्या प्रकारच्या नोंदीपुढे लागते.

उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलने भरतात आणि मंडप उतरतात. गावचे ग्रंथालय मात्र दररोज उघडावयाचे असते. त्याच्या खिडकीशी उभा असलेला शेतकरी, शिवणकाम करणारी भगिनी, शाळकरी मुलगी पुस्तक परत देताना जे एक वाक्य बोलते, ते कोणी लिहून घेतले, तर पुढच्या वाचकाला कपाटापर्यंतची वाट सापडेल. पूर्वी ओसरीवरचा श्रोता पोथी बांधण्यापूर्वी आपले म्हणणे सांगून उठत असे. ग्रंथालयातून उठणाऱ्या वाचकालाही तेवढा मान मिळावा.